वनस्पतींच्या ऊती ओळखायच्या कशा? आधी विचारा, पेशी जिवंत की मेलेली

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. विभाजी, स्थायी, मूल, स्थूलकोन, दृढ, जलवाहिनी, रसवाहिनी असा ऊतींचा अख्खा तक्ता तिला तोंडपाठ आहे. परवा नारळ सोलताना मी सहज विचारलं, "हे सोडण कोणत्या ऊतीचं?" तर ती गप्प बसली. मी स्वतः कॉमर्सची, त्यामुळे मलाही सांगता येईना. तिला हे नीट कसं समजावू? आणि एवढे प्रकार झाडाला लागतात तरी कशाला?

उत्तर:

मुलीला तक्ता येतो हे चांगलंच आहे, नावं लागतातच. ऊती म्हणजे एकत्र येऊन ठरावीक काम करणारा पेशींचा समूह. अडचण एवढीच की तक्त्यात सगळ्या ऊती एकसारख्या चौकटींत बसलेल्या असतात आणि सोडण हातात आल्यावर ते कुठल्या चौकटीतलं हे ओळखायची खूण तिला कुणी दिलेली नाही. मी ३१ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली आणि दर वर्षी ती एकाच खुणेवरून सुरू केली. पेशी समोर आली की आधी विचारायचं, ही जिवंत आहे की मेलेली? मग विचारायचं, हिची भिंत जाड आहे का, आणि असेल तर कुठे? ही दोन उत्तरं मिळाली की नाव बहुतेक वेळा आपोआप जिभेवर येतं.

'मेलेली पेशी' म्हटलं की मुलं दचकतात. मेलेल्या पेशीचं झाडाला काय काम, असं त्यांना वाटतं. पण मोठ्या झाडाच्या लाकडाचा बहुतेक भाग मेलेल्या पेशींचाच असतो आणि वजन पेलणं, पाणी वर नेणं, बाहेरचं ऊन-पाऊस अडवणं ही अंगमेहनतीची कामं त्याच करतात. पेशी जिवंत असताना स्वतःभोवती जाड भिंत बांधते, बांधून झाली की मरते, आणि झाड ती रिकामी भिंत वापरतं. आपल्या शरीरात केस, नखं आणि कातडीचा वरचा थर सोडला तर असं काही फारसं नाही, म्हणून ते चटकन पटत नाही. रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली ज्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिलं, ते बुचाच्या मेलेल्या पेशींचे नुसते सांगाडे होते. म्हणजे पेशीचं बारसंच मेलेल्या ऊतीवरून झालं.

पहिल्या दिवशी मी सूक्ष्मदर्शक कपाटातून काढत नसे. मुलांना व्हरांड्यात बसवून उसाच्या कांड्या वाटायची. तुम्हीही हेच करा. सोलायच्या आधी कांडीवर बोट फिरवायला सांगा. बोटाला पांढरट भुकटी लागते, ती मेणाची. ते मेण अपित्वचेनं, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पेशींच्या थरानं, तयार केलेलं. मग सोलून एक करवा चावायला द्या. तोंडात जो गोड रस सुटतो तो मूल ऊतीच्या पेशींत साठलेला असतो. या पेशी जिवंत, पातळ भिंतीच्या, आत रसाची मोठी पिशवी असलेल्या. दातांनी भिंत फुटते आणि रस बाहेर येतो. चावून चावून शेवटी जो चोथा उरतो, तो दातांनाही दाद देत नाही. त्यात पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या ऊतींचे जुडगे आहेत आणि प्रत्येक जुडग्याभोवती दृढ ऊतीचं आवरण. तो चोथा बोटांनी पिंजला की एकेक दोरा सुटा होतो. एका घासात तीन-चार ऊती होऊन जातात आणि 'मऊ ते बहुधा जिवंत, चिवट-कडक ते बहुधा मेलेलं' हा अंदाज मुलांच्या तोंडात बसतो.

आता एकेक घेऊ.

मूल ऊती ही झाडाची सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखली गेलेली ऊती. 'साठवण करणे, पोकळी भरणे' एवढं लिहून मुलं पुढे जातात. बटाटा, रताळं, सफरचंदाचा गर, केळ्याचा गर, कलिंगड, म्हणजे आपण ज्याला 'गर' म्हणतो ते जवळजवळ सगळं मूल ऊतीचं. पानात याच पेशींत हरितद्रव्य आलं की तिला हरित ऊती म्हणतात आणि मग स्वयंपाकघर तिचं. पेशींमध्ये हवेच्या मोठ्या पोकळ्या पडल्या की वायू ऊती. अळूचा देठ आडवा कापून बघा, स्पंजासारखी जाळी दिसते. जलपर्णीच्या देठाचा फुगा तसाच, म्हणून ती तरंगते. भाताच्या मुळांतही अशाच पोकळ्या असतात. चिखलात हवा नसते, ती पानांकडून या पोकळ्यांतून मुळाकडे उतरते. म्हणून भात पाण्यात उभा राहतो आणि त्याच पाण्यात तूर सडते.

मूल ऊतीचा आणखी एक गुण तक्त्यात क्वचितच असतो. ती जिवंत असल्यामुळे पुन्हा विभाजन सुरू करू शकते. झाडाला जखम झाली की ती भरून काढणारा मऊ, फिकट गाठोडा, ज्याला किण म्हणतात, तो मुख्यतः हिच्यापासून येतो. एका पेशीपासून पूर्ण झाड उभं राहू शकेल हा विचार हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये मांडला आणि १९५८ मध्ये स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या रसवाहिनीतल्या मूल ऊतीपासून सबंध रोपं वाढवून दाखवली. गाजराचा तो तुकडा स्थायी ऊतीचा होता. 'स्थायी' म्हणजे कायमची थांबलेली असं मुलांना वाटतं, तिथे हे उदाहरण नक्की सांगा.

स्थूलकोन ऊतीसाठी दारातल्या तुळशीपाशी जा. कोवळी फांदी चिमटीत धरून फिरवा. ती गोल नाही, चौकोनी लागते. त्या चारही कोपऱ्यांत अपित्वचेच्या लगेच आत स्थूलकोन ऊतीचे पट्टे असतात. पेशी जिवंत, पण भिंत सगळीकडे सारखी जाड नाही, कोपऱ्या-कोपऱ्यांत जाड. नावातच ते आहे. जाडी सेल्युलोज आणि पेक्टिन या लवचीक द्रव्यांची असते, लाकडाला कडक करणाऱ्या लिग्निनची नसते, म्हणून ती ताणली जाते. फांदी अजून लांब व्हायची असते तेव्हा असाच आधार लागतो, जो धरूनही ठेवेल आणि वाढूही देईल. वाऱ्यानं तुळस वाकते, मोडत नाही. दुधीच्या, भोपळ्याच्या वेलाच्या कडांवरही हीच ऊती. मका, ऊस, गवत अशा एकदलात ती सहसा सापडत नाही, तिथे आधाराचं काम दृढ ऊती करते.

दृढ ऊती तर तुम्ही बाजारात रोज तपासता. भेंडी घेताना टोक मोडून बघता ना? टक्कन मोडलं तर कोवळी. वाकलं आणि धागे ओढले गेले तर जून. त्या दोन भेंड्यांतला फरक म्हणजे तंतूंच्या भिंतींत भरलेलं लिग्निन. पेशी लांब होते, भिंत आतून जाड होत जाते, त्यात लिग्निन भरतं, आतली पोकळी नावापुरती उरते आणि पेशी मरते. जून भेंडी कितीही शिजवली तरी तिचे धागे शिजत नाहीत, कारण शिजवल्यानं पेक्टिन सुटतं, लिग्निन सुटत नाही. शेवग्याच्या शेंगेचा चोथा, रायवळ आंब्याच्या दातांत अडकणाऱ्या दशा, गवारीच्या शिरा, सगळीकडे हेच.

दृढ ऊतीच्या सगळ्या पेशी धाग्यासारख्या नसतात. काही बुटक्या, दगडासारख्या असतात. पेरू खाताना गरात जी कचकच लागते, त्या याच अश्मपेशी. आणि इथे तुमच्या नारळाचं उत्तर आलं. सोडणातला काथ्या म्हणजे दृढ ऊतीचे तंतू, आतली करवंटी म्हणजे अश्मपेशींची एकसंध भिंत. एकच ऊती, दोन रूपं. मुलीला दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. खोबरं मात्र वेगळं. ते बीजातलं साठवणीचं अन्न, जिवंत पेशींचं, पातळ भिंतींचं, आणि म्हणूनच खवता येतं.

ताग आणि अंबाडीची गोष्ट इथेच सांगते, कारण परीक्षेत ती हमखास चुकते. तागाची खोडं पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत पाण्यातले जिवाणू पेशींना जोडणारं पेक्टिन खाऊन टाकतात, मऊ ऊती कुजून जाते आणि सालीतले तंतू सुटे होतात. ते रसवाहिनीतले दृढ तंतू. घायपाताचा धागा पानातला. कापूस मात्र यांपैकी काहीच नाही. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या बाहेरच्या त्वचेवरचा केस, आणि तो अख्खा केस ही एकच पेशी असते. साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी. फूल उमलतं त्या दिवसापासून तो वाढायला लागतो. त्याच्या भिंतीत जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असतं, लिग्निन जवळपास नसतंच, म्हणून कापूस मऊ आणि ताग खरखरीत. 'कापूस - दृढ ऊती' असं लिहिलेल्या शेकडो उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. मुलांचा दोष नाही. धागा म्हणजे दृढ ऊती असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं.

आता जटिल ऊती, म्हणजे अनेक प्रकारच्या पेशी एकत्र येऊन काम करतात त्या. आधी नावाचा एक घोळ दूर करते. शाळेच्या पुस्तकात जलवाहिनी आणि रसवाहिनी असे शब्द आहेत, जुन्या ग्रंथांत आणि विश्वकोशात प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ. मला जुने शब्द जास्त आवडतात. १८५८ मध्ये नेगेली यांनी 'झायलेम' आणि 'फ्लोएम' ही नावं लाकूड आणि साल या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून दिली, आणि प्रकाष्ठातलं काष्ठ तेच सांगतं. जलवाहिनी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एक पाइप येतो. प्रत्यक्षात त्या ऊतीत पाणी नेणाऱ्या वाहिनिका आणि वाहिन्या असतात, आधाराचे तंतू असतात आणि साठवण करणारी मूल ऊतीही असते. यांतली मूल ऊती तेवढी जिवंत असते, बाकी मेलेलं.

पाणी वाहून नेणाऱ्या पेशी मेलेल्याच का हव्यात? कारण जिवंत पेशीत जीवद्रव्य भरलेलं असतं, ते वाटेत येतं. वाहिनी तयार होताना एकावर एक रचलेल्या पेशींच्या आडव्या भिंती विरघळतात, आतलं सगळं संपतं आणि लांबच लांब नळी उरते. पान वरून बाष्प सोडतं, पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे नळीतला पाण्याचा स्तंभ ओढल्यासारखा वर सरकतो. ही ओढ बाहेरून आत असते, म्हणून नळी आत कोसळू नये यासाठी भिंतीला लिग्निनची कडी, वेटोळी, जाळी असते. बॉन विद्यापीठातल्या स्ट्रासबुर्गर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंच झाडं बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभी केली. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण पानांपर्यंत चढलंच.

ही वेटोळी नुसत्या डोळ्यांनी बघायची असतील तर कमळाचा देठ मोडून दोन तुकडे हळूहळू दूर न्या. मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे अतिसूक्ष्म धागे ताणले जातात. संस्कृत कवींनी ज्यांना बिसतंतू म्हटलं, ते हे. वाहिनीच्या भिंतीतली लिग्निनची स्प्रिंग उलगडते आणि धागा होऊन बाहेर येते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एम.एस्सी. झालेली होते, आणि तोवर मला 'सर्पिल जाडी' हा आकृतीतला एक शब्द वाटायचा.

शेतकऱ्याला ही ऊती रोगातून ओळखीची असते. पाणी दिलेलं आहे, माती ओली आहे आणि तुरीचं झाड उभ्या उभ्या वाळतंय. अशा वेळी खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेघा दिसल्या तर मर रोग. फ्युजेरियम बुरशी मुळातून जलवाहिनीत शिरलेली असते आणि नळ्या चोंदलेल्या असतात. टोमॅटो, वांगं असं अचानक मलूल झालं तर खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात त्याचं टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरायला लागले तर तो जिवाणूंचा मर रोग. जलवाहिनीत भरलेले जिवाणूच बाहेर पडत असतात. धागे आले नाहीत आणि आतून तपकिरी दिसलं तर बुरशीचा संशय. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून फवारणीच्या आधी ही पाच मिनिटं घालवायला मी नेहमी सांगते.

रसवाहिनीची गोष्ट याच्या उलट. पानात तयार झालेली साखर मुळाकडे, फळाकडे, शेंड्याकडे, जिथे गरज असेल तिथे जाते, आणि हे काम जिवंत पेशी करतात. साखर वाहून नेणाऱ्या चाळणी नलिकेच्या पेशी मात्र एका बाबतीत विलक्षण असतात. त्या जिवंत राहतात, पण केंद्रक गमावतात. वाटेत अडथळा नको म्हणून केंद्रक जातं आणि शेजारची सहपेशी दोघींचा संसार चालवते. माडाला सालीची नवी वलयं येत नाहीत, त्यामुळे त्याच्या बुंध्यातल्या चाळणी पेशी केंद्रकाविना वर्षानुवर्षं जिवंत राहतात. माडाच्या पोयीला छेद दिला की थेंब थेंब गळणारी नीरा ही रसवाहिनीतूनच येते. मावा पानावर बसतो तेव्हा त्याची सोंड थेट चाळणी नलिकेत शिरलेली असते. आतला रस दाबाखाली असतो, तो माव्याच्या अंगात ढकललाच जातो. त्याला पचवता येत नाही ती साखर तो बाहेर टाकतो, तोच पानावरचा चिकटा, आणि त्यावर पुढे काळी बुरशी धरते.

पण रसवाहिनी समजून घ्यायची तर गुटी कलम करावं. परसात डाळिंब किंवा लिंबू असेल तर पावसाळा सुरू होताना मुलीकडून करून घ्या. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. धारदार चाकूनं दोन गोल छेद एकमेकांपासून अडीच सेंटिमीटरवर द्या, एक उभा छेद देऊन मधली साल अंगठ्यानं सोलून काढा. साल सहज सुटते आणि खाली पांढरं, ओलं, बुळबुळीत लाकूड दिसतं. सालीबरोबर रसवाहिनी गेली, लाकडात जलवाहिनी राहिली. तो बुळबुळीतपणा म्हणजे दोन्हींच्या मधली, नव्या पेशी तयार करणारी पार्श्व विभाजी ऊती. चाकूच्या पाठीनं ती खरवडून काढा. वर ओलं करून पिळलेलं मॉस मूठभर लावा, प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधा.

मग रोज जाऊन बघा. फांदीची साल सबंध गोल काढली, तरी वरची पानं सुकत नाहीत. पाणी लाकडातून चढतंच आहे. पानांची साखर आणि शेंड्याकडून येणारी संप्रेरकं मात्र सालीतून खाली उतरत होती, त्यांची वाट वरच्या छेदापाशी बंद झाली. ती तिथे साचतात, वरची कड सुजते, आणि दीड-दोन महिन्यांत त्याच कडेपासून पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसायला लागतात. खालच्या कडेला येत नाहीत. कुठल्याही आकृतीपेक्षा हे एक प्लॅस्टिक रसवाहिनी नीट शिकवतं.

खरवडणं टाळू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बारा गुट्या बांधल्या आणि घाईत ती पायरी गाळली. दोन महिन्यांनी प्लॅस्टिक सोडलं तेव्हा नऊ फांद्यांवर सालीचा पातळ पूल पुन्हा तयार झाला होता आणि मूळ एकही नव्हतं. लाकडावर राहिलेल्या विभाजी ऊतीनं नवी रसवाहिनी विणली होती. बिचाऱ्या फांद्यांनी आपलं काम चोख केलं होतं. त्या दिवशी मला ती ऊती किती जागी असते ते कळलं.

आमच्या जुन्या घराजवळ रस्त्याकडेला एक बुचाचं झाड होतं. कुणीतरी फलक लटकवायला त्याच्या बुंध्याला तार आवळली. पहिलं वर्ष काहीच दिसलं नाही. मग तारेच्या वर बुंधा फुगला, खाली तसाच राहिला. लोक म्हणायचे, झाड तार गिळतंय. खरं तर मुळांकडे जाणारी साखर अडली होती आणि मुळं साठवलेल्या पिठावर दिवस काढत होती. तिसऱ्या उन्हाळ्यात ते वाळलं. फांदीची गुटी आणि बुंध्याची तार, क्रिया एकच. फरक इतकाच की फांदी मुळं फुटल्यावर आपण कापून लावतो, बुंध्याला ती सोय नसते. तुमच्या सोसायटीत झाडांना रोषणाईच्या तारा किंवा लोखंडी जाळी आवळून बांधलेली असेल तर मुलीला घेऊन जा आणि आजच सैल करून घ्या.

विभाजी ऊतीचा उल्लेख झालाच आहे. पुस्तकात ती पहिली असते, मी मुद्दाम मागे ठेवली, कारण काय काय तयार होतं हे पाहिल्याशिवाय ते तयार करणारीचं महत्त्व कळत नाही. हिच्या पेशी लहान, पातळ भिंतीच्या, ठसठशीत केंद्रकाच्या आणि सतत दुभागणाऱ्या. मुलीला एक कोडं घाला. आंब्याच्या झाडात जमिनीपासून चार फुटांवर खिळा ठोकला. झाड आज दहा फूट आहे, वीस वर्षांनी चाळीस फूट होईल, तर खिळा किती उंचीवर असेल? बहुतेक मुलं सोळा म्हणतात. उत्तर चार. उंची वाढते ती शेंड्याच्या प्ररोह विभाजी ऊतीमुळे, बुंधा नुसता जाड होत जातो आणि तो पार्श्व विभाजी ऊतीमुळे. खिळा वर न जाता आत बुजतो.

माडाला ही पार्श्व ऊती नसते. म्हणून माडाचा बुंधा एकदा तयार झाला की जाड होत नाही, चढण्यासाठी पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात, आणि आंब्यासारखं त्याचं कलमही बांधता येत नाही. माडाला वाढीचा शेंडाही एकच. गेंड्या भुंग्यानं तो पोखरला आणि आतला कोंब सडला की पंचवीस वर्षांचा माड गेला. आंब्याचा शेंडा तुटला तर बाजूचे दहा डोळे फुटतात. माडाच्या शेंड्याची काळजी कोकणात एवढी का घेतात, ते या ऊतीवरून कळतं.

आंतरीय विभाजी ऊती बघायला हिरवळ कापून बघा. पात्याचं टोक गेलं तरी पातं पुन्हा वाढतं, कारण वाढणारी ऊती पात्याच्या तळाशी आहे. गुरांनी खाल्लेलं गवत टिकतं ते याच्या जोरावर. वाऱ्यानं लोळलेला ऊस काही दिवसांत पेऱ्यांपासून वर वळतो, तेही हिचंच काम.

केळीचं रोप हे विभाजी ऊतीचं सर्वांत मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण. आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ते पानांच्या एकमेकांत गुंडाळलेल्या तळांचं. खरं खोड जमिनीतला कंद, आणि त्याच्या शेंड्याशी विभाजी ऊती. तो छोटा तुकडा निर्जंतुक करून बाटलीतल्या पोषक माध्यमात वाढवला की फुटव्यांवर फुटवे येतात. जळगावकडे लावली जाणारी ग्रँड नैन जातीची रोपं अशी प्रयोगशाळेतून येतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं १९८० मध्ये सागाची अशी रोपं करून दाखवली होती, आणि १९९० मध्ये तिथल्याच संशोधकांनी, फुलायला कित्येक वर्षं घेणारा बांबू बाटलीत फुलवल्याचं 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलं. माझ्या पिढीच्या मराठी वनस्पतिशास्त्र शिक्षकांना त्या बातमीचा झालेला आनंद मी विसरलेली नाही.

अपित्वचेबद्दल थोडक्यात. ती पानाचं बंद दार आहे आणि पर्णरंध्रं ही त्यातली उघडझाप करणारी झडप. अळवावरचं पाणी ठरत नाही, कारण तिथल्या अपित्वचेवर बारीक उंचवटे आणि त्यांवर मेण असतं. दुपारी मक्याची पानं सुरळी होतात, कारण वरच्या त्वचेतल्या काही फुगीर पेशी पाणी गमावून बसतात. मूलरोम, म्हणजे मुळांवरचे पाणी शोषणारे केस, हेही अपित्वचेचेच, एकेका पेशीचे. वांग्या-मिरचीचं रोप उपटताना ते तुटतात, म्हणून लागवड संध्याकाळी करतात, नवे मूलरोम येईपर्यंत उन्हाचा तडाखा नको. आणि बटाट्याची साल ही अपित्वचा नाही, ते बूच. मेलेल्या पेशींचं, सुबेरिन हे पाणी अडवणारं मेणचट द्रव्य भरलेलं. खरचटलेल्या बटाट्यावर काही दिवसांत नवं बूच धरतं.

शेवटी, या रविवारी करायचा प्रयोग. श्रावण-भाद्रपदात तेरडा सगळीकडे असतो. त्याचं खोड जवळजवळ पारदर्शक, म्हणून तेच घ्या. मुळं धुऊन झाड लाल शाई घातलेल्या पाण्यात उजेडात ठेवा. साधारण तासाभरात खोडात लाल रेघा चढताना दिसतील. दोन तासांनी नवं ब्लेड घ्या, धरायच्या बाजूला चिकटपट्टी लावा, आणि खोडाचा कागदासारखा पातळ आडवा काप तुम्ही स्वतः काढून द्या. तो पाण्याच्या थेंबात पांढऱ्या बशीवर ठेवा आणि भिंगातून बघा. कडेनं गोलाकार मांडलेले लाल ठिपके दिसतील. मुलीला आधी नाव विचारू नका. विचारा, लाल झालेल्या पेशी जिवंत असतील की मेलेल्या, आणि मधला बिनरंगाचा मऊ भाग कशाचा असेल. तिचं उत्तर झालं की मग तिला वहीत ठिपके मोजून काढायला सांगा, आणि शेजारी मक्याच्या खोडाचा काप ठेवून तिथे तेच ठिपके सगळीकडे विखुरलेले का, हे तिलाच शोधू द्या.